बहात्तरचा दुष्काळ, आजीचं रेकॉर्डिंग आणि एआय : एका क्षेत्रीय प्रकल्पाच्या नोंदी

बी. ए. भाग २, इतिहास. क्षेत्रीय प्रकल्प, २ क्रेडिट, ५० गुण. विषय : १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी, सांगोला तालुका. त्याला जोडून : एआय वापरायचं तर कसं वापरायचं.

१० जुलै २०२५

विषय ठरला. बहात्तर साली जी माणसं पंधरा-वीस वर्षांची होती ती आता सत्तरीच्या आसपास आहेत, म्हणजे मी शिकवते त्या वर्गातल्या बहुतेकांचे आजी-आजोबा. खडी फोडलेली, पाझर तलावाची माती वाहिलेली, मिलो (रेशनवरची परदेशी लाल ज्वारी) आणि सुकडीवर (कामावर वाटायचा पौष्टिक खाऊ) दिवस काढलेली माणसं घरातच आहेत. आणखी काही वर्षांनी हा विषय देता येणार नाही.

दुसरं कारण जरा आतलं आहे. गेल्या वर्षी निम्म्या जर्नलांची प्रस्तावना 'आजच्या आधुनिक युगात' अशी सुरू होत होती आणि 'एकूणच असे म्हणता येईल की' इथे येऊन संपत होती. अक्षर प्रत्येकाचं वेगळं, मजकूर मात्र एकाच मुशीतला. एआयकडून लिहून घ्यायचं आणि निळ्या पेनाने जर्नलमध्ये उतरवायचं, अशी पद्धतच पडलीय. हाताने लिहून आणायला लावलं की कॉपी थांबते असं मानणाऱ्यांनी एकदा आमची जर्नलं चाळावीत.

विभागांच्या बैठकीत इंग्रजीच्या सरांचं म्हणणं पडलं, सरळ बंदी घाला. प्राचार्य म्हणाले, पाळता येणार नसेल तर बंदी घालू नका, लेखी नियम द्या. तूर्त एकच नियम लिहिलाय. एआय वापरायला हरकत नाही, पण सांगून वापरा. आणि जर्नलमधल्या कुठल्याही वाक्यावर मी बोट ठेवलं, तर ते कुणाच्या तोंडचं, कुठल्या कागदावरचं की बॉटचं (चॅटजीपीटीसारख्या चॅटबॉटचं), हे जागेवर सांगता आलं पाहिजे.

मुलांना नियम फारच सोपा वाटला.

१७ जुलै

बॉट उत्तर देतो म्हणजे नेमकं काय करतो, हे आधी कळायला हवं होतं. स्लाइड दाखवून झोप आणण्यापेक्षा फळ्यावर अर्धं वाक्य लिहिलं : 'सांगोला तालुका ______साठी प्रसिद्ध आहे.' पहिला सुचेल तो शब्द वहीत लिहा म्हटलं. बहुतेकांचं डाळिंब. दोघा-तिघांची खिल्लार जनावरं. मागच्या बाकावरून 'झाडी, डोंगार!' अशी आरोळी आली आणि दोन मिनिटं वर्ग हातचा गेला.

मग सांगितलं की चॅटबॉटचं कामही याच वळणाचं आहे. अफाट मजकूर वाचून तो मुख्यतः हेच शिकलेला असतो, की अमुक शब्दांच्या पुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त. डाळिंब खरं आहे म्हणून त्याला सुचत नाही; लोक वारंवार तसं लिहितात म्हणून सुचतं. इथे दोन्ही जुळतं, म्हणून बिघडत नाही.

दुसरं वाक्य : '१९७२च्या दुष्काळात सांगोल्याचे आमदार ______ होते.' वही उघडायचीही गरज पडली नाही, अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, गणपतराव देशमुख. साहजिक आहे. अकरा वेळा निवडून आलेला माणूस, घराघरात आबासाहेब म्हणून ओळख. इथल्या पोराच्या तोंडी दुसरं नाव येणार कसं? एकाने तोच प्रश्न फोनवर बॉटला टाकला. त्याचंही उत्तर तेच, वर आबासाहेबांनी दुष्काळात केलेल्या कामाचा एक घसघशीत परिच्छेद.

१९६२ ला ते पहिल्यांदा निवडून आले हे बरोबर. पण १९७२ च्या निवडणुकीत ते पडले होते आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. म्हणजे ऐन दुष्काळात ते आमदार नव्हते.

वर्ग चिडीचूप. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे बॉट खोटं बोलतो?" मी विचारलं, आत्ता तुम्ही सगळे खोटं बोललात का? "नाही, आम्हाला तेच माहीत होतं." झालं तर मग.

खिडकीजवळचा एक मुलगा मात्र हटून बसला. त्याच्या आजोबांनी स्वतः सांगितलंय म्हणे, बहात्तरला आमदार आबासाहेबच. त्याला म्हटलं, आजोबांचं बोलणं जसंच्या तसं रेकॉर्ड करून आण. त्यांचं काय करायचं ते नंतर बघू.

२२ जुलै

संदर्भग्रंथांच्या यादीचा पहिला हप्ता आला. एका गटाने बॉटकडून घेतलेली यादी ग्रंथपाल बाईंकडे नेली : लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठ क्रमांक, सगळं अगदी रीतसर. बाईंनी कपाटं पाहिली, इतर ग्रंथालयांच्या सूची पाहिल्या. काही पुस्तकं होती, काहींचे लेखक खरे पण पुस्तक त्यांचं नाही, आणि काही पुस्तकं जगातच नाहीत. अशाच एका पुस्तकाबद्दल बाई म्हणाल्या, "नाव इतकं छान आहे की हे असायलाच हवं होतं."

मुलांनी यावर शोधलेला उपाय जास्त काळजीचा आहे. त्यांनी बॉटलाच विचारलं, 'हे पुस्तक खरंच आहे का?' बॉट म्हणाला, हो. म्हणून न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. एव्हिआन्का विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे कोर्टात दाखल केले. निवाड्यांना नावं, तारखा, उतारे सगळं होतं. खटले तेवढे कधी झालेच नव्हते. वकिलानेही चॅटजीपीटीलाच विचारून खात्री करून घेतली होती. जून २०२३ मध्ये न्यायाधीश पी. केविन कॅस्टेल यांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला. आमच्याकडे दंड नाही, पण यादीतलं प्रत्येक पुस्तक हातात धरून त्याच्या मुखपृष्ठाचा फोटो जर्नलला जोडायचा. पीडीएफ असेल तर शीर्षकाचं पान.

गॅझेटियर आणि १९७१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका आता मुलं स्वतःहून मागतायत, हे बाईंनी मुद्दाम येऊन सांगितलं.

३१ जुलै

आज स्टाफरूममध्ये वाजलं. एका सहकाऱ्यांनी इंग्रजीचा निबंध इंटरनेटवरच्या एका फुकट 'एआय शोधक' साइटवर टाकला. तिथे ८० च्या वर टक्के आले आणि मुलीला शून्य मिळालं. माझ्याच वर्गातली मुलगी. तिने लिहिताना मी लायब्ररीत पाहिलंय, समोर शब्दकोश घेऊन. तिचं इंग्रजी म्हणजे दहावी-बारावीत घोकलेल्या वाक्यांचं, छोट्या आणि ठरलेल्या शब्दांचं. नेमकी अशीच मुलं या साइटच्या जाळ्यात सापडतात, कारण पुढचा शब्द सहज ओळखता येतोय का हेच ती मुख्यतः मोजते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्रजीच्या टोफेल परीक्षेसाठी मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांनी लिहिलेले ९१ निबंध सात शोधकांवर चालवून पाहिले. सरासरी साठ टक्क्यांहून जास्त निबंध एआयचे ठरले. माणसांनी लिहिलेले निबंध! खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आणलेला शोधक एआयच्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्केच पकडत होता आणि शंभरातल्या नऊ माणसांवर उगाच आळ घेत होता. त्याच जुलैत त्यांनी तो बंद केला.

सहकाऱ्यांनी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम काढले. त्यातली दहा टक्क्यांची मर्यादा ही आधी कुठेतरी असलेल्या मजकुराशी साम्य किती याची आहे. बॉटचा मजकूर दरवेळी नवा, तिथे साम्य सहसा निघत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच म्हणून मी थांबले.

शेवटी प्राचार्यांनी मुलीला बोलावून दहा मिनिटं निबंधावर प्रश्न विचारले. तिला सगळं सांगता आलं. गुण मिळाले. पण मधले दोन दिवस ती कॉलेजला आली नव्हती.

७ ऑगस्ट

बॉट कामाचा कुठे आहे, तेही लिहायला हवं. मुलाखतीच्या प्रश्नांसाठी तो उत्तम. मुलांनी स्वतः काढलेल्या प्रश्नांत पाऊस, पीक, सरकार, मजुरी एवढंच होतं. बॉटने विचारलेल्या दोन गोष्टी आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हत्या : कामावर आलेल्या बाया तान्ही मुलं कुठे ठेवायच्या, आणि दिवस गेलेल्या बाईला काम कुठलं मिळायचं.

पण 'त्या वेळी आपल्या मनात कोणत्या भावना होत्या?' हाही त्याचाच प्रश्न. असला प्रश्न माणदेशातल्या म्हातारीला विचारला तर ती चहा टाकायला उठून जाईल. त्या जागी मुलांनी लिहिलं : घरातनं किती वाजता निघत होता? फडक्यात भाकरी कशाची बांधून नेत होता? मुकादम कुठल्या गावचा होता?

संमतीचं एक पान केलं. नाव छापायचं की नाही, आवाज जपून ठेवायचा की नाही, एआयवर टाकायचा की नाही, हे तीन प्रश्न वेगवेगळे. तिसरा समजावून सांगायला सगळ्यात अवघड. एका मुलीने घरी असं सांगितलं : "तुजं बोलनं मोबाइलातनं लांबच्या कॉम्प्युटरवर जाईल, तितं कोन बघंल मला ठावं न्हाई." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं. बऱ्याच चॅटबॉटच्या फुकट खात्यावर आपलं संभाषण पुढच्या प्रशिक्षणाला वापरलं जाऊ शकतं. सेटिंगमध्ये जाऊन ते कसं बंद करायचं, हे आज प्रत्येकाच्या फोनवर करून घेतलं.

२१ ऑगस्ट

आवाजाचं लेखन करून देणारं साधन वापरून पाहिलं. बातम्या देणाऱ्या माणसाचं मराठी छान उतरतं. सांगोल्याच्या म्हातारीचं निम्मं. 'पावणेतीन रुपये' चे 'तीन रुपये' झाले. रोजाच्या मजुरीत चार आणे वाढले तर इतिहासाच्या जर्नलचा उपयोग काय? म्हणून नियम : आकडा, गावाचं नाव आणि माणसाचं नाव आलं की रेकॉर्डिंग मागे घेऊन कानाने ऐकायचं. बाकी लेखन साधनाने केलं तरी चालेल. तासाभराच्या मुलाखतीला अख्खा रविवार जायचा, तो वाचतो, आणि वाचलेला वेळ ऐकण्यात जातो.

३ सप्टेंबर

गौरी-गणपतीची सुट्टी. पुण्या-मुंबईची भावंडं घरी आल्यामुळे आजी-आजोबा खुशीत, रेकॉर्डिंगचा पाऊस. काही फाइलींत आरत्याच जास्त ऐकू येतात.

९ सप्टेंबर

आज बराच वेळ एकाच रेकॉर्डिंगवर गेला. एका विद्यार्थिनीने आजीची मुलाखत आणली. सोबत लेखन आणि बॉटने केलेला सारांश, दोन्ही नियमाप्रमाणे लावलेलं. सारांशात वाक्य होतं : 'सर्व समाजघटकांनी एकजुटीने या संकटाचा सामना केला.'

मी बोट ठेवलं. तिने लेखन चाळलं, मग कानाला इअरफोन लावून मुलाखत पुन्हा ऐकली. आणि म्हणाली, "मॅडम, आजी असं बोललीच नाही."

आजी काय बोलली होती? तलावाच्या कामावर पाण्याचं एकच पिंप होतं. बाकीच्या बाया तांब्या बुडवून घ्यायच्या. यांच्या वस्तीतल्या बायांनी पिंपाला हात लावायचा नाही. पाणक्या वरून ओतायचा आणि या ओंजळीत घ्यायच्या. उन्हाचा पाणक्या जेवायला गेला, की तो येईपर्यंत थांबायचं. "माती सगळ्यांची एका जाग्यावर पडत व्हती," असं आजी एकदा म्हणते आणि पुढे मजुरीच्या गोष्टीला लागते. ओरडून नाही, रडून नाही.

लेखनात हे सगळं होतं. सारांशात पिंपही नव्हतं आणि पाणक्याही. बॉटने काही दडवायचं ठरवलं असेल असं मी म्हणणार नाही. दुष्काळावरच्या लेखांत, भाषणांत, शाळेच्या निबंधांत एकजुटीचं वाक्य हजारदा येतं, ओंजळीचं येत नाही. सतरा जुलैला फळ्यावर लिहिलेलं अर्धं वाक्य या मुलीलाच आठवलं.

सारांश तिने फाडला नाही, मीही फाडू दिला नाही. जर्नलमध्ये डाव्या पानावर बॉटचा सारांश, उजव्या पानावर आजीचं बोलणं, असं लावायचं ठरलं.

मग नावाचा प्रश्न आला. त्या पाणक्याचं आणि मुकादमाचं नाव आजीने घेतलंय. त्यांची घरं त्याच गावात आहेत. रेकॉर्डिंगच्या शेवटी आजी नातीला म्हणते, "नाव लिवू नगं बाय. तुजी आई अजून त्यांच्याच रानात कामाला जाती." ही फाइल यापुढे कुठल्याही साधनावर चढवायची नाही, आणि आधी सारांशासाठी जे संभाषण झालं ते खात्यावरून पुसायचं, असं मी सांगितलं. पुसलं म्हणजे सगळीकडून गेलं याची हमी नाही, हेही सांगितलं. मुलगी म्हणाली की लेखन टाकताना नावं काढूनच टाकली होती, संमतीच्या पानाच्या वेळी सांगितलं होतं तसं.

संमतीच्या पानात चौथा प्रश्न घालायचा : मुलाखत झाल्यावर पुन्हा ऐकवून विचारलं का?

१६ सप्टेंबर

मुखपृष्ठं. एका गटाने झकास कृष्णधवल फोटो लावलाय : भेगाळलेली जमीन, डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया, मागे धूळ. फोटो कुठला विचारलं तर म्हणे, 'जनरेट केला.' लांबून बघणाऱ्याला काही कळणार नाही. गटातल्या एकाच्या आजोबांनी मात्र बघता क्षणी निकाल दिला होता : "ह्या बाया आमच्याकडच्या न्हवं." कुणालाच नऊवारी नाही, पदर सगळ्यांचा उजव्या खांद्यावरून पुढे आलेला.

जर्नलमध्ये चूक राहिली तर ती जर्नलपुरती. हा फोटो कुणीतरी 'बहात्तरचा दुष्काळ, जुन्या आठवणी' म्हणून व्हॉट्सॲपवर टाकेल, आणि चार वर्षांनी दुसऱ्या कॉलेजची मुलं पुरावा म्हणून मलाच आणून दाखवतील. मौखिक इतिहासाच्या कामात बनवलेला फोटो वापरायचाच नाही, लेबल लावूनही नाही. इथे मी हट्टी आहे. रेखाचित्र चालेल. त्या गटाने आता आजोबांच्या घरातल्या पाटी-खोऱ्याचा फोटो लावलाय. दिसायला साधा आहे.

२५ सप्टेंबर

सीनेला महापूर. माढा-मोहोळकडून येणारी मुलं आलेली नाहीत, त्यांना मुदत वाढवून दिली. आम्ही दुष्काळावर लिहितोय आणि जिल्ह्यात गावं पाण्यात आहेत.

उपस्थित असलेल्यांकडून राज्याची पार्श्वभूमी तपासून घेतली. तीन फोनवर बॉटला एकच प्रश्न. रोजगार हमीबद्दल तिन्ही उत्तरं बऱ्यापैकी बरोबर : वि. स. पागे, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा १९६५ चा प्रयोग, वसंतराव नाईक मुख्यमंत्री, १९७७ चा कायदा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते, हा अभ्यासकांनी दिलेला आकडाही एकाने बरोबर दिला. मग सांगोला तालुक्यात किती कामं चालू होती असं विचारलं, तर तीन फोनवर तीन आकडे, आणि तिन्ही तेवढ्याच ठामपणे. ज्यावर भरपूर लिहिलं गेलंय तिथे बॉटचा पाय घट्ट. राज्यावरून तालुक्यावर आणि तालुक्यावरून वाडीवर उतरलं की तो बिनधास्त सांगत सुटतो. मुलांनी वहीत हे 'वाडीचं बॉटला विचारू नये' असं लिहून घेतलंय. ठीक आहे.

८ ऑक्टोबर

तोंडी परीक्षा. ५० पैकी २० गुण याला ठेवले होते, लिहिलेल्याला १५, वापराच्या नोंदीला १५. वापराची नोंद म्हणजे काय विचारलं, काय मिळालं, त्यातलं काय ठेवलं आणि काय टाकलं.

माझा अंदाज होता की ज्यांनी एआय जास्त वापरलं ते तोंडीत अडकतील. तसं सरसकट झालं नाही. एका मुलाचा जवळजवळ सगळा कच्चा मसुदा बॉटचा होता, पण प्रत्येक वाक्याला त्याच्याकडे उत्तर होतं : हे चुलत्याच्या मुलाखतीतलं, हे गॅझेटियरमधलं, हे बॉटचं होतं म्हणून काढलं. उलट एकाने एआयला हातही लावला नव्हता आणि तसं अभिमानाने पहिल्याच पानावर लिहिलं होतं. त्याला विचारलं, मिलो रेशनवर कसा मिळायचा हे कुणी सांगितलं? आधी आजोबा म्हणाला, मग वडील, मग 'गावात सगळे म्हणतात'. त्याला कमी गुण मिळाले आणि ते त्याला अजून पटलेलं नाही.

खिडकीजवळच्या मुलाने आजोबांचं रेकॉर्डिंग ऐकवलं. आजोबा ठामपणे सांगतात, बहात्तरला आमदार आबासाहेब होते आणि त्यांनीच तलावाचं काम काढलं. मुलाने ते वाक्य तसंच ठेवलंय आणि खाली लिहिलंय : 'ही आजोबांची आठवण आहे. १९७२च्या निवडणुकीत गणपतराव देशमुख पराभूत झाले होते. आजोबांच्या मनात हे काम १९७४नंतरच्या कामांशी जोडलं गेलं असावं.' शेवटचं वाक्य कुणाचं, विचारलं. "माझं. 'असावं' लिहिलंय, मॅडम."

त्याला पैकीच्या पैकी.

१५ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीआधी आवराआवर. इंग्रजीच्या सरांनी वापराच्या नोंदीचा तक्ता मागून नेला. त्यांना त्यातला 'काय टाकलं' हा रकाना नको आहे. माझ्या मते तोच पहिला वाचावा.

ज्यांनी संमती दिलीय ती रेकॉर्डिंग लायब्ररीत ठेवायची, नाव नको असलेली सांकेतिक क्रमांकाने. पिंपाची गोष्ट सांगणाऱ्या आजींनी आवाज ठेवायला हो म्हटलंय, गावाचं नाव मात्र नको.

संध्याकाळी एका मुलाचा फोन आला. त्याच्या आजोबांना रेकॉर्डिंग परत हवंय, कारण त्यात त्यांनी त्या वेळच्या एका पुढाऱ्याने मस्टरवर (मजुरांच्या हजेरीपटावर) खोटी नावं लावल्याचं सांगितलंय, आणि चुलते या वेळी झेडपीला इच्छुक आहेत. फाइल माझ्याकडून पुसली, मुलाने त्याच्या फोनवरची पुसली. त्याचे गुण तसेच राहतील. लायब्ररीच्या यादीतून क्रमांक काढायचा राहिलाय. ग्रंथपाल बाई सोमवारी येतील तेव्हा.